बोरूची रेघ, कुंचल्याची रेघ

चिनी सुलेखन तीन वस्तूंवर उभे आहे: काजळीची शाई, प्राण्यांच्या केसांचा टोकदार कुंचला आणि शाई पिणारा कागद. पाइनच्या किंवा तेलाच्या काजळीत सरस मिसळून शाईच्या वड्या पाडतात आणि दगडी पाटीवर थोडे पाणी घालून त्या चंदनासारख्या उगाळतात. आन्ह्वी प्रांतातला श्वान कागद खळ न दिलेला असला, तर थेंब पडताच शाई फुटते. कुंचला कुठे दाबला, कुठे उचलला, कुठे क्षणभर थबकला, हे सारे त्या कागदावर उमटते आणि पुन्हा खोडता येत नाही. शिवाय प्रत्येक अक्षरातल्या रेघांचा क्रम ठरलेला असतो. म्हणून जाणकार माणूस लिहिलेल्या ओळीचा अर्थ तर वाचतोच, पण लिहिणाऱ्याचा हात कसा फिरला तेही त्याला दिसते. अक्षराचा अर्थ बाजूला पडला तरी हाताची ही हकिकत शिल्लक राहते. अमूर्त चित्राकडे जाण्याची वाट या कलेत मुळातच होती, ती याच कारणाने.

या वाटेवरचे पहिले मोठे पाऊल फार जुने आहे. चिनी लेखनाच्या पाच मुख्य पद्धतींपैकी शेवटच्या, अतिवेगवान पद्धतीला तिकडे 'गवती' लेखन म्हणतात. तांग काळातला बौद्ध भिक्षू ह्वाईसू याने सन ७७७ मध्ये लिहिलेल्या आत्मकथनपर गुंडाळीत ही पद्धत टोकाला गेलेली दिसते. अक्षरे एकमेकांत अडकतात, एखादेच अक्षर अर्धी ओळ व्यापते, कुंचला कोरडा पडेपर्यंत रेघ ओढली जाते. सामान्य चिनी वाचकालाही ती गुंडाळी सहज लागत नाही. तरीही त्यात एकसुद्धा खोटे अक्षर नाही. पुढे युआन काळात झाओ मेंगफू (१२५४–१३२२) याने खडक, झाड आणि बांबू रंगवण्याच्या रीती थेट लेखनाच्या पद्धतींशी जोडल्या. लेखक आणि चित्रकार यांचे हत्यार एकच आणि बहुधा माणूसही एकच, असा हा समाज होता. महाराष्ट्रात तसे झाले नाही. लिहिणारा कारकून किंवा पोथी उतरवणारा, आणि चित्र काढणारा चितारी, हे दोन वेगळे धंदे राहिले. पुढचा बराच फरक या विभागणीतून निघतो.

मात्र दोन्ही हात एकाच भिंतीवर आल्याचा फार जुना पुरावा मराठी मुलखात आहे. सिल्लोडहून जळगावच्या रस्त्याला लागले की अजिंठा गाव लागते, मग घाट उतरून फर्दापूर आणि लेणी. गाव सिल्लोड तालुक्यात, लेणी शेजारच्या सोयगाव तालुक्यात. तिथल्या चित्रांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, चित्रांमधल्या अक्षरांविषयी त्या मानाने थोडे. क्रमांक २ च्या लेण्यात क्षांतिवादी जातकाच्या चित्राजवळ आर्यशूराच्या 'जातकमाला' या ग्रंथातले श्लोक रंगाने लिहिलेले आहेत. क्रमांक २२ मध्ये ओळीने बसलेल्या बुद्धांखाली त्यांची नावे लिहिलेली आहेत. क्रमांक १६ मधला वाकाटक मंत्री वराहदेवाचा लेख कोरीव आहे. त्याच्या लिपीत अक्षराच्या माथ्यावर छोटी चौकोनी पेटी असते, म्हणून तिला पेटिकाशीर्ष म्हणतात. रंगाने लिहिलेली अक्षरे मात्र छिन्नीची नाहीत, कुंचल्याची आहेत, आणि ती जिथे शाबूत आहेत तिथे रेघेची सुरुवात जाड व शेवट निमुळता दिसतो. याच लेण्यांत अक्षर चित्राला इजा करते तेही पाहायला मिळते. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने क्रमांक १० मधल्या खांबावर आपले नाव आणि तारीख कोरली, ती अजून आहे.

कुंचला आणि भारतीय अक्षर यांची खरी गाठ मात्र इथे पडली नाही, ती चीन आणि जपानमध्ये पडली. बौद्ध मंत्र बिघडू नयेत म्हणून तिकडचे भिक्षू गुप्तकालीन ब्राह्मीतून निघालेली सिद्धम् लिपी शिकत. देवनागरीची ती जवळची नातलग. तांग काळात तिचे कित्ते तयार झाले, आणि सन ८०६ मध्ये कूकाई या भिक्षूने ती जपानला नेली. तिथल्या मठांत बीजाक्षरे आजही लिहिली जातात, कधी केसांच्या कुंचल्याने, कधी चपट्या लाकडी लेखणीने. अर्थ न कळताही पूजले जाणारे, आकार म्हणूनच पाहिले जाणारे नागरी वळणाचे अक्षर त्या मठांनी हजार वर्षे सांभाळले. महाराष्ट्रातल्या सुलेखनकारांनी या परंपरेकडे जितके लक्ष द्यायला हवे होते तितके दिलेले नाही.

इकडे लेखणीच वेगळी होती. बोरूचे टोक चपटे आणि तिरके छाटलेले असते. रेघ जाड की बारीक हे दाबावर ठरत नाही, टोक कोणत्या कोनात धरले आहे यावर ठरते. कागदही वेगळा होता. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्यामधल्या कागजीपुऱ्यात हातकागदाचा धंदा चालत आला. महंमद तुघलकाने राजधानी देवगिरीला हलवली तेव्हा कागद करणारे कारागीर इथे वसले, असे सांगतात. चिंध्या आणि जुना कागद कुटून लगदा करायचा, ताव उचलून वाळवायचा, त्याला खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे. असा घोटीव कागद शाई पीत नाही. काजळ आणि डिंकाची शाई त्यावर बसून राहते, कड धारदार येते, चुकलेले पुसूनही काढता येते. श्वान कागदावर फुटलेली शाई ही कलेची बाजू ठरते. घोटीव कागदावर ती कागदाचा दोष ठरते. दोन्हीकडच्या सौंदर्यदृष्टीतला फरक अध्यात्मात शोधण्याची घाई अनेक लेखक करतात. त्यातला निम्मा तरी खळीत सापडतो.

चांगल्या मराठी अक्षराची कल्पना काय होती, हे 'दासबोधा'च्या १९ व्या दशकातल्या पहिल्या समासात कळते. त्याचा विषयच लेखनक्रिया. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे, ओळी सारख्या असाव्यात, समास सोडावा, देशोदेशीचे बोरू जमवावेत, आणि ग्रंथाचे पहिले अक्षर व शेवटचे अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, अशी तिथली शिकवण आहे. ह्वाईसूच्या गुंडाळीची ही अगदी उलट बाजू. तिथे दर रेघेला हाताची अवस्था बदलते आणि तेच पाहायचे असते. इथे हाताची अवस्था दिसूच नये यासाठी खटपट आहे. पोथीच्या बाळबोध अक्षरातून अमूर्त चित्र निघणे म्हणूनच कठीण होते.

ते निघाले मोडीतून. मोडीचा संबंध परंपरेने देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाडपंत याच्याशी लावला जातो. अभ्यासकांचे त्यावर एकमत नाही, पण तेराव्या शतकाच्या आसपास ती रुळलेली होती. कारकून आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिरोरेघ ओढतो आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरे लटकवत जातो. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हे नाहीत. घाईत लिहिलेल्या घसीट मोडीत एक अक्षर दुसऱ्याच्या पोटातून निघते. बहामनी, शिवकालीन, पेशवेकालीन अशी तिची वळणे जाणकार ओळखतात. इंग्रजी अमदानीत बोरू जाऊन पोलादी निबाचा टाक आला, तेव्हा तीच लिपी बारीक आणि तिरकी झाली. चिनी 'गवती' लेखनाशी मोडीचे साम्य इथे आहे: दोन्ही वेगापोटी जन्मलेल्या लिपी, आणि दोन्हींत रेघ वाचताना हाताचा वेगही वाचला जातो. फरक एवढाच, की चीनमध्ये विद्वानांनी त्या वेगाला कवितेइतका मान दिला. मोडी मात्र दफ्तरांतल्या रुमालांत बांधून राहिली. सारा, वतन, कर्ज, तंटे यांच्या कागदांना सुंदर म्हणावे असे कुणाला सुचले नाही. विसाव्या शतकात शाळेतून आणि कचेरीतून ती गेली, आणि दोन पिढ्यांत मराठी माणसाला आपल्या आजोबांचा कागद वाचता येईनासा झाला.

त्याच शतकात पूर्व आशियातले शाईचित्र शेवटची पायरी ओलांडत होते. जपानमध्ये १९५१ साली 'बोकुबी' हे सुलेखनाचे मासिक निघाले, आणि पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर फ्रान्झ क्लाइन या अमेरिकन अमूर्त चित्रकाराचे काम होते. पुढच्या वर्षी मोरिता शिर्यू, इनोउए यूइची आणि त्यांच्या सोबत्यांनी 'बोकुजिनकाई' हा गट काढला. इनोउएने 'गरिबी' या अर्थाचे एकच अक्षर वर्षानुवर्षे प्रचंड कुंचल्याने लिहिले. झाओ वू-की १९४८ मध्ये चीनमधून पॅरिसला गेला. १९५० च्या दशकातल्या त्याच्या तैलचित्रांत प्राचीन चिनी चिन्हांसारखे आकार तरंगतात आणि काही वर्षांतच विरून जातात. चीनमध्ये १९८० च्या दशकात गू वेन्दाने मोडकी, उलटी अक्षरे मोठ्या पटांवर लिहिली. शू बिंगने १९८७ ते १९९१ या काळात सुमारे चार हजार अक्षरे लाकडात कोरून पुस्तके छापली. त्यातले एकही अक्षर खरे नाही. वांग दोंगलिंग (जन्म १९४५) जुन्या कविता एकावर एक अशा लिहितो, की शेवटी काळ्या रेघांचे जाळेच उरते. अक्षर खरे, क्रम खरा, वाचन अशक्य. चिनी सुलेखन आणि अमूर्त चित्र यांच्या मिश्रणाचे आजचे सर्वांत सरळ उदाहरण बहुधा हेच.

या मालिकेतला एक मोठा चित्रकार अजिंठ्याला येऊन गेला होता. झांग दाछिएन (१८९९–१९८३) याने १९४० च्या दशकाच्या आरंभी दुनहुआंगच्या बौद्ध गुहांमधली भित्तिचित्रे उतरवली होती. तिथली चित्रकला भारतातून किती घेतलेली आणि चिनी किती, हा प्रश्न मनात घेऊन तो १९५० मध्ये भारतात आला आणि अजिंठ्यात मुक्काम करून भित्तिचित्रांचा अभ्यास केला. त्याच्या आधी, १९१६ ते १९१८ या काळात भारतात राहिलेल्या आराई कांपो या जपानी चित्रकारानेही अजिंठ्याच्या प्रतिकृती केल्या होत्या आणि कोलकात्याच्या ठाकुरवाड्यात जपानी कुंचला शिकवला होता. झांगची दृष्टी पुढे अधू झाली. १९६० च्या दशकात तो कागदावर शाई आणि मोरचुदी, निळे रंग ओतू लागला. ती चित्रे डोंगर म्हणता येतील इतपतच डोंगर आहेत. अजिंठ्याने त्याला अमूर्ताकडे ढकलले असे म्हणायला आधार नाही. त्याच्या रंगांतली निळाई दुनहुआंगच्या भिंतींवरून आली असे मानण्याकडे अभ्यासकांचा कल आहे. अजिंठ्याच्या परिसरातली ही भेट मराठी कलालेखनात जवळजवळ नोंदलेली नाही, एवढे खरे.

मराठी चित्रकारांपैकी शाईच्या सर्वांत जवळ गेले ते वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१). नागपूरला जन्मलेल्या, गोव्याच्या घरातल्या या चित्रकाराने १९४८ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून पदविका घेतली. झेन विचाराची ओढ त्यांना १९५० च्या दशकाच्या अखेरीस लागली. आपल्या कामाला 'अमूर्त' म्हणणे त्यांना पसंत नव्हते. रोलर आणि सुरीने रंगाचे थर चढवत, खरवडत केलेली त्यांची मोठी तैलचित्रे प्रसिद्ध आहेत. २०१४-१५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे सिंहावलोकन भरवले. पण या आढाव्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत ती त्यांची कागदावरची लहान शाईचित्रे. १९८४ च्या अपघातानंतर मोठा कॅनव्हास हाताळणे त्यांना जमेनासे झाले, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी शाईने रेखाटने केली. त्यांतल्या खुणा कुठल्याशा लिपीच्या वाटतात. ती लिपी मोडी नाही, चिनी नाही, कुठलीच नाही. झाओ वू-कीचेही असेच झाले होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, पत्नीच्या आजारपणात, मोठी तैलचित्रे थांबली आणि तो शाईकडे वळला. दोघांच्याही बाबतीत शाई ही अडचणीतली सोबत होती. दोघांनीही तिच्यात तैलरंगात न केलेले काम केले.

अकोल्याचे अंबादास खोब्रागडे (१९२२–२०१२) हे दुसरे नाव. जे. जे. मध्ये शिकलेले अंबादास १९६३ मध्ये दिल्लीत प्रदर्शन भरवणाऱ्या 'ग्रुप १८९०' मध्ये होते आणि १९७२ पासून नॉर्वेत राहिले. त्यांचे चित्र म्हणजे वळत, सळसळत जाणारे कुंचल्याचे फटकारे. त्यात अक्षर नाही, पण लिहिण्याचा वेग आहे. नागपूर आणि मुंबईत शिकलेले सैयद हैदर रझा आपल्या चित्रांत देवनागरी ओळी लिहीत. तिथे अक्षर वाचायचे असते, ते अमूर्त होत नाही. मद्रासच्या के. सी. एस. पणिक्करांनी १९६३ पासून 'शब्द आणि चिन्हे' या मालिकेत मल्याळम वळणाची, पण अर्थ नसलेली अक्षरे पाटीवर लिहिल्यासारखी भरली. भारतीय चित्रकलेत खोट्या लिपीचा तो सर्वांत धीट प्रयोग.

सुलेखनकारांची वाट चित्रकारांच्या वाटेपासून वेगळी निघाली, ती जाहिरातीतून. मराठी अक्षराचा विचार एकोणिसाव्या शतकात छापखान्यांनी केला, विसाव्यात जाहिरात संस्थांनी आणि नाटकांच्या जाहिरातींनी. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकाचे नाव आणि त्याचा स्वभाव एकाच अक्षरसमूहात बसवला. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी एका बाजूला दृश्यकविता लिहिल्या, दुसऱ्या बाजूला मुंबई आयआयटीच्या औद्योगिक रचना केंद्रात शिकवले. संगणकावर घरोघर पोचलेला 'मंगल' हा देवनागरी टंक त्यांचाच. जोशी उल्का या जाहिरात संस्थेत होते. त्याच संस्थेच्या शिष्यवृत्तीवर अच्युत पालव (जन्म १९६०) यांनी जे. जे. उपयोजित कला संस्थेतून बाहेर पडल्यावर मोडीचा अभ्यास केला. मोडीचे वळण आणि देवनागरीचा सांगाडा जोडून त्यांनी जी मोकळी लिपी घडवली तिला मुक्तलिपी म्हणतात. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

पालवांच्या मोठ्या पटांवर अक्षर वाचण्याजोगे सुरू होते आणि थरावर थर चढत रंगात बुडते. हत्यारांत चपटा ब्रश, छाटलेला बांबू, लाकडाची पट्टी, रोलर, हाताला येईल ते. चिनी कुंचल्याचे टोक दर वळणाला जाडी बदलते. चपट्या हत्याराची जाडी कोनाने ठरते, म्हणून देवनागरीचा फटकारा रुंद, कडेला धारदार आणि फितीसारखा वळणारा दिसतो. चिनी अक्षर एका अदृश्य चौकोनात तोलले जाते, देवनागरी अक्षर वरच्या रेघेला टांगलेले असते. त्यामुळे इथले अमूर्त पट बहुतेक वेळा वरून खाली गळतात. शिरोरेघ काढून टाकली की अक्षर तरंगू लागते. पण मग ते गुजरातीसारखे दिसते, ही अडचण प्रत्येक प्रयोगशील सुलेखनकाराला कधी ना कधी येते.

शू बिंगसारखा खोट्या अक्षरांचा प्रयोग मराठीत का झाला नाही, याचे उत्तरही लिपीच्या रचनेत आहे. चिनी अक्षरे हजारोंनी आहेत. अनोळखी अक्षर दिसले तर वाचकाला आधी स्वतःचे अज्ञान आठवते, अक्षर खोटे असेल असे वाटत नाही. देवनागरीची मुळाक्षरे पन्नासच्या आसपास. खोटे अक्षर पहिल्या नजरेत पकडले जाते, किंवा ते दुसऱ्याच भारतीय लिपीतले वाटते. मराठी वाचकाला फसवू शकेल अशी एकच लिपी आहे, आणि ती खोटी नाही. मोडीच्या कागदासमोर आजचा मराठी माणूस शू बिंगच्या पुस्तकासमोरच्या चिनी वाचकासारखाच उभा असतो. ओळ आपली, भाषा आपली, वळण ओळखीचे, आणि एक शब्दही लागत नाही.

या क्षेत्रात किरकोळ कामही भरपूर आहे. फिकट रंगांच्या धुवणावर एक ओंकार, किंवा सोंड काढून गणपती केलेला 'ग', याला सुलेखन आणि अमूर्त यांचा मिलाफ म्हणून खपवले जाते. त्यात अक्षर चिन्ह म्हणून चिकटवलेले असते, लिहिलेले नसते. कसोटी साधी आहे: रेघ कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे डोळ्याला शोधता आले पाहिजे. वांग दोंगलिंगच्या जाळ्यात ते शोधता येते, गायतोंड्यांच्या शाईत येते, घसीट मोडीत तर येतेच.

शाईचेही एक मराठी पान आहे. दि. प. दांडेकर यांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली. त्यातून पुढे 'कॅम्लिन' उभी राहिली. तिची काळी ड्रॉइंग इंक चित्रकलेच्या अनेक पिढ्यांनी वापरली. गंमत अशी, की या प्रकारच्या काजळीच्या शाईला इंग्रज 'भारतीय शाई' म्हणतो आणि फ्रेंच 'चिनी शाई'.

मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले, आणि राज्याचा पुराभिलेख विभाग तिचे प्रशिक्षणवर्ग घेतो. वर्गात येणाऱ्यांना बहुधा जमिनीचे किंवा घराण्याचे कागद वाचायचे असतात. आधी ओळख पटते ती शिरोरेघेची, मग 'श्री'ची, मग आकड्यांची. काही आठवड्यांनी काळ्या लाटेतून सन, गाव, सारा, बाकी असे शब्द सुटे होऊ लागतात, आणि तोवर चित्र वाटणारा कागद पुन्हा हिशेब होतो.